तुझ्या यंत्रावर किती बल्ब लागतात?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देतेय.)

"ताई, मी २७ वर्षांची इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीअर. तीन वर्षं एका छोट्या कंपनीत एनर्जी हार्वेस्टिंगवर काम करतेय, म्हणजे चालू मोटरच्या कंपनातून वीज काढायची आणि त्याच विजेवर मोटरची तब्येत सांगणारा सेन्सर चालवायचा, बॅटरी नाही. लॅबमध्ये मस्त चालतं. फील्डवर १२ सेन्सर लावले तर महिन्याभरात १० गप्प झाले, दोनच चालू आहेत. सर म्हणतात ब्रोशरवर 'आयुष्यभर बॅटरीशिवाय' असं टाकू. माझ्याबरोबरचे सगळे सोलर प्लांट आणि इलेक्ट्रिक गाड्यांवर काम करतात, मेगावॉटच्या गप्पा मारतात, मी अजून मिलीवॉटच्याही खाली. परवा बाबांनी सहज विचारलं, तुझ्या यंत्रावर किती बल्ब लागतात गं? मला उत्तर देता आलं नाही. आता एका मोठ्या कंपनीत इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरी मॅनेजमेंट टीमची ऑफर आलीये, पगार जवळजवळ दीडपट, तीन आठवड्यांत कळवायचंय. ही टेक्नॉलॉजी कधी मोठी होणार आहे का? माझी तीन वर्षं फुकट गेली का? आणि ज्या सरांनी मला सोल्डरिंगपासून सगळं शिकवलं त्यांना ऐन अडचणीत सोडून जाणं म्हणजे दगाच ना?"

आधी बाबांचं बघू. एकही बल्ब लागत नाही. असंच सांग त्यांना, आणि मान खाली न घालता सांग, कारण तुझं यंत्र बल्ब लावायला बनवलेलंच नाहीये. तुझ्या पत्रात जी घालमेल आहे ना, तिचं मूळ मला याच प्रश्नात दिसतं. बाबांचा काही दोष नाही, वीज म्हटलं की माणूस बल्बच मोजणार, पण तू इंजिनीअर असून तूही मनातल्या मनात बल्बच मोजतेयस, आणि मग मैत्रिणीच्या मेगावॉटशेजारी स्वतःचं काम ठेवून बघतेस आणि रडू येतं.

ते माप इथे का चालत नाही ते हिशोबानेच बघू. पावलांवर वीज बनवणारी फरशी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये दर वर्षी कोणी ना कोणी करतंच. ७० किलोचा माणूस चालला आणि फरशी ५ मिलिमीटर दबली, तर ७० गुणिले ९.८ गुणिले ०.००५, म्हणजे साधारण ३.४ ज्यूल. यातलं काहीच वाया गेलं नाही, सगळ्याची वीज झाली असं धरलं (असं कधीच होत नाही) तरी १० वॉटचा एलईडी बल्ब एका पावलावर सेकंदाचा तिसरा हिस्सा पेटेल. मोबाईलची १५ वॉट-अवरची बॅटरी म्हणजे ५४,००० ज्यूल, म्हणजे जवळजवळ १६,००० पावलं, तीही सगळी त्याच फरशीवर. बघितलंस? बल्बच्या मापाने मोजलं की हे सगळं क्षेत्रच पोरखेळ वाटायला लागतं.

आता तेच ३.४ ज्यूल दुसरीकडे लाव. लो-एनर्जी ब्लूटूथचं एक छोटं पॅकेट पाठवायला ढोबळमानाने १०० मायक्रोज्यूल धर, म्हणजे एका पावलाच्या ऊर्जेत ३४,००० पॅकेट्स. पाऊल तेच आहे. त्याच्यावर काय चालवायचं ठरवतो तेवढंच बदललं.

म्हणून मला असं वाटतं की तू तुझ्या कामाचं नावच थोडं चुकीचं धरून बसलीयेस. तुला वाटतं तुझं काम वीज बनवण्याचं आहे. ते अर्धंच काम झालं, आणि मी तर म्हणेन सोपं अर्धं. पायझोइलेक्ट्रिक परिणाम, म्हणजे दाबातून वीज, क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवला, दोन टोकांच्या तापमानातल्या फरकातून वीज मिळते हे झेबेकला १८२१ मध्ये दिसलं होतं, म्हणजे 'काढायचं कसं' हे लोकांना दोनशे वर्षांपासून माहितीये. अडलं होतं ते खर्चाच्या बाजूला. सोलर कॅल्क्युलेटर आठव. सोलर सेल आधीपासून होतेच, पण लाल चमकणारे एलईडी आकडे होते तोपर्यंत खोलीतल्या उजेडावर कॅल्क्युलेटर चालवणं कोणाच्या आवाक्यात नव्हतं, एलसीडी आली, खर्च एकदम खाली आला, आणि मग ट्यूबलाइटच्या उजेडात नखाएवढ्या पट्टीवर बेरीज-वजाबाकी व्हायला लागली.

याहून जुनं आणि माझं फार लाडकं उदाहरण म्हणजे अ‍ॅटमॉस घड्याळ. १९२८ साली न्यूशातेलच्या एका इंजिनीअरने बनवलं, पुढे जेगर-लकूल्त्र कंपनी ते बनवायला लागली, आजही बनवते. त्याला चावी नाही, बॅटरी नाही. आत एक बंद डबी असते, तिच्यातला वायू खोलीचं तापमान बदललं की फुगतो-आक्रसतो, त्याने स्प्रिंगला चावी बसते, आणि तापमान एका अंशाने बदललं की घड्याळ साधारण दोन दिवस चालतं. आता डबी सगळ्यांना भारी वाटते, पण मला विचारशील तर खरी कमाल त्या लंबकात आहे, गोल गोल वळणारा लंबक, मिनिटाला फक्त दोन हेलकावे घेतो, इतका आळशी की त्याला जवळजवळ काहीच लागत नाही. ज्याने तो बनवला त्याने आधी विचारलं असणार की मला कमीत कमी किती लागेल, आणि मग विचारलं असणार की तेवढं कुठून मिळेल. तुझ्या सेन्सरचं डिझाइन या क्रमाने झालं होतं का, का आधी हार्वेस्टर बनला आणि मग त्याच्यावर काय चालतंय ते बघितलं? पत्रातून मला दुसरंच झालंसं वाटतं. बहुतेक ठिकाणी असंच होतं, म्हणून विचारतेय.

मी स्वतः यात सपाटून मार खाल्लाय. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आमचा एक सेन्सर होता, खोलीतल्या उजेडावर चालणारा, सरासरी ६० मायक्रोवॉट मिळायचे आणि माझ्या कागदावर खर्च ४० चा होता, म्हणजे आरामात चालायला हवा. रोज संध्याकाळी मरायचा. सोलर सेल बदलला, चार्जर आयसी बदलली, आठवडे गेले. शेवटी सापडलं काय, तर वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचं व्होल्टेज मोजायला मी दोन १०० किलोओहमचे रेझिस्टर कायमचे जोडून ठेवले होते. ३ व्होल्टला त्यातून १५ मायक्रोअँपिअर जातात, म्हणजे ४५ मायक्रोवॉट, रात्रंदिवस, कशासाठी तर 'किती वीज उरलीये' हे मला कळावं म्हणून. त्या जागी मेगाओहमवाले रेझिस्टर आणि मोजायच्या वेळीच चालू होणारा एक स्विच टाकला आणि सेन्सर चालला. हे मला कुठल्या वर्गात कोणी शिकवलं नव्हतं, आणि पुढच्या प्रत्येक नोकरीत मी याच गोष्टीवर पगार घेतलाय.

तीन वर्षं फुकट गेली का, याचं माझं उत्तर यातच आहे. तू लिहिलंयस की तू तासनतास स्कोपसमोर (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) बसून सुपरकॅपॅसिटरचं व्होल्टेज चढताना बघतेस, १.५, १.६, १.७, मग १.८ ला कंट्रोलर जागा होतो, एकदम करंट ओढतो, व्होल्टेज परत १.६ वर, कंट्रोलर रीसेट, पुन्हा चढायला सुरुवात, आणि रात्रभर हीच चढउतार, एकही रीडिंग बाहेर नाही. ते तू सोडवलंस कसं, तर जागं व्हायची पातळी वर नेलीस आणि झोपायची खाली ठेवलीस, मधे पुरेसं अंतर सोडलंस, जेणेकरून उठल्यावर एक काम पूर्ण करण्याइतकी ऊर्जा हातात असेल. हे तू पत्रात एका ओळीत उरकलंयस, जणू काही विशेष नाही. अगं, कोल्ड स्टार्ट, म्हणजे रिकाम्या कपॅसिटरपासून उठणं, काय असतं हे हाताने शिकलेली माणसं फार नसतात. मोठ्या बॅटरीवर काम करणाऱ्याला बूट होताना किती मायक्रोज्यूल गेले हे कधी मोजावंच लागत नाही.

आता टेक्नॉलॉजी मोठी होणार का. या प्रश्नाच्या आतही एक गृहीत आहे, की एखादं क्षेत्र मोठं होतं म्हणजे त्याच्या नावाची पाटी मोठी होते. हार्वेस्टिंगचं तसं होताना मला दिसत नाही. ते दुसऱ्या वस्तूंच्या पोटात शिरतं आणि दिसेनासं होतं. सिटिझनचं उजेडावर चालणारं मनगटी घड्याळ १९७६ चं आहे, ते घालणारा कोणी म्हणत नाही की मी एनर्जी हार्वेस्टर घातलाय. सीमेन्समधून २००१ मध्ये वेगळी झालेली एनओशन ही कंपनी असा स्विच बनवते की बटण दाबण्याच्या जोरावरच शंभर-दोनशे मायक्रोज्यूल मिळतात आणि तेवढ्यात रेडिओ संदेश जातो, भिंतीत वायर नाही, सेल नाही. सॅमसंगने २०२१ मध्ये टीव्हीचा रिमोट पाठीवर सोलर पट्टी लावून आणला. ही काही स्वप्नं नाहीत, विकली गेलेली प्रॉडक्ट्स आहेत, आणि प्रत्येकात कोणीतरी तुझंच काम केलंय. तेव्हा नोकरी शोधताना 'एनर्जी हार्वेस्टिंग' टाकून शोधशील तर चारदोन जागा दिसतील आणि धस्स होईल. अल्ट्रा लो पॉवर फर्मवेअर, पॉवर मॅनेजमेंट आयसी, वायरलेस सेन्सर, वेअरेबल, शरीरात बसवायची वैद्यकीय उपकरणं, बिल्डिंग ऑटोमेशन, असं शोध. तुझ्याच कामाची ही सगळी नावं आहेत.

पण म्हणून हे कुठेही चालतं असं मी अजिबात म्हणणार नाही. इथे तुला थोडं कडू सांगते. तुझा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे साधा सेल, सोलर प्लांटशी तुझी स्पर्धाच नाही. सीआर२०३२ घे, बटणासारखा, ३ व्होल्ट, साधारण २२५ मिलीअँपिअर-अवर, म्हणजे २,४०० ज्यूलच्या आसपास. तुझ्या वस्तूला सरासरी १० मायक्रोवॉट लागत असतील तर कागदावर तो सेल साडेसात वर्षं जातो. अशा ठिकाणी हार्वेस्टर लावणं म्हणजे उगाच खर्च आणि उगाच बिघाडाची जागा. तू तुझ्या सेन्सरचा आकडा २०० मायक्रोवॉट लिहिलायस. तेवढ्याला बटण सेल जेमतेम साडेचार महिने पुरेल, म्हणजे तू जिंकलीस असं वाटतं, पण थांब, कारखान्यात बटण सेल कोण लावतंय, तिथे लिथियम थायोनिल क्लोराइडचा पेन्सिल सेल लावतात, ३.६ व्होल्ट, २.४ अँपिअर-अवर, सुमारे ३१,००० ज्यूल, आणि तो २०० मायक्रोवॉटवर कागदावर पाच वर्षांच्या आसपास जातो. आता बोल. पाच वर्षांतून एकदा सेल बदलण्याचा त्रास कोणाला इतका जड जातो की तो तुमचा महागडा हार्वेस्टर घेईल?

हा प्रश्न टोमणा म्हणून विचारत नाहीये, याची खरी उत्तरं आहेत. फिरत्या शाफ्टवर बसलेला सेन्सर, जिथे मशीन पूर्ण थांबवल्याशिवाय हातच लावता येत नाही. इतकी गरम जागा की साधा लिथियम सेल टिकत नाही. सील करून टाकलेलं उपकरण, जे उघडलं की त्याचा उपयोगच संपला. किंवा सेन्सर दहा नाही, दहा हजार आहेत, मग पाच वर्षांचा सेल म्हटलं तरी रोज पाच-सहा सेन्सरकडे कोणाला तरी शिडी घेऊन जावंच लागणार, जन्मभर. तुमच्या १२ मोटर अशा जागी होत्या का? का जिथे परवानगी मिळाली तिथे लावल्या? पायलटची, म्हणजे फील्डवरच्या पहिल्या चाचणीची, जागा परवानगीवर ठरते हे मला माहितीये, पण मग त्या पायलटवरून टेक्नॉलॉजीचं भविष्यही ठरवू नये.

आणि ते १० गप्प झालेले सेन्सर. माझं खरं लक्ष तिथेच अडकलंय. तू लिहिलंस की हार्वेस्टर २४.५ हर्ट्झला ट्यून केलाय कारण लॅबच्या मोटरवर तेवढी फ्रिक्वेन्सी मोजली होती, आणि शेकर टेबलवरही (हव्या त्या फ्रिक्वेन्सीला हलवणारं टेबल) त्याच आकड्यावर सगळ्या टेस्ट घेतल्या. आता चार पोलची इंडक्शन मोटर बघ, ५० हर्ट्झ सप्लायवर तिचा सिंक्रोनस, म्हणजे सप्लायने ठरवून दिलेला, वेग १,५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), पण ती त्या वेगाने कधीच फिरत नाही, स्लिप असतो, म्हणजे ती थोडी मागे पडते, आणि स्लिप लोडवर बदलतो. रिकामी असताना समज १,४९०, पूर्ण लोडवर १,४४०. म्हणजे कंपन २४.८ पासून २४ हर्ट्झपर्यंत सरकतं. तुझ्या बीमचा (हार्वेस्टरमधलं कंप पावणारं पातं) क्यू, म्हणजे ट्यूनिंग किती टोकदार आहे त्याचा आकडा, ५० च्या आसपास असेल तर २४.५ ला जी कामाची पट्टी मिळते ती अर्धा हर्ट्झ रुंद आहे फक्त. मोटरवरचा लोड बदलला की ती तुझ्या पट्टीतून बाहेर. लॅबमधल्या मोटरवर लोड बहुधा एकसारखा होता, त्यामुळे तिथे हे दिसणारच नाही. त्यात कुठे मोटरचा वेग बदलणारा व्हेरिएबल ड्राइव्ह असेल तर विषयच संपला, वेगच ठरलेला नाही. सेन्सर ज्या चुंबकाने किंवा गोंदाने बसवला तो तापून थोडा सैल झाला तरी फ्रिक्वेन्सी हलते. म्हणून तर बरेच जण फिरण्याच्या वेगावर अवलंबूनच राहत नाहीत, सरळ सप्लायवर चालणाऱ्या मोटरमध्ये चुंबकीय ओढीमुळे सप्लायच्या दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचं कंपन असतं, ते ग्रिडला बांधलेलं असतं, ते पकडायला बघतात. तिथे कंपन लहान असतं, पण फ्रिक्वेन्सी जागची हलत नाही.

हे तुमच्याकडे असंच झालंय असं मी इथून बसून ठामपणे सांगू शकत नाही. पण महिनाभरात १० सेन्सर एकाच पद्धतीने गप्प झाले असतील तर त्यामागे एक कारण आहे आणि ते सापडण्यासारखं आहे. तू याला अपयश म्हणून पत्रात दोन ओळींत झाकून टाकलंयस. मला वाटतं तीन वर्षांतली सगळ्यात किमती गोष्ट हीच आहे, फक्त तिचा डेटा अजून तू गोळा केलेला नाहीयेस. एक साधा बॅटरीवरचा कंपन लॉगर घे (हो, बॅटरीवरचा, त्यात कसली लाज), त्या मोटरवर आठवडाभर ठेव, चोवीस तासांत फ्रिक्वेन्सी कुठून कुठे फिरते ते काढ. यासाठी लागतो प्रवासाचा खर्च आणि सरांची परवानगी, बाकी काही नाही.

ब्रोशरचं मात्र मी स्पष्ट सांगेन. 'आयुष्यभर' हा शब्द जाऊ देऊ नकोस. १२ पैकी १० बंद पडलेत म्हणून तर नाहीच, पण सगळे १२ चालले असते तरी तो शब्द खोटाच ठरला असता, कारण बॅटरी काढली तरी कपॅसिटर आत आहेच आणि तो म्हातारा होतो, साधारण दर १० अंश तापमान वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं असं आपण सगळे धरून चालतो, आणि मोटरच्या अंगावर काय गारवा नसतो. सरांशी भांडायची गरज नाही. त्यांच्यासमोर दुसरं वाक्य ठेव, की इतक्या कंपनाला, इतक्या ते इतक्या फ्रिक्वेन्सीत, इतक्या तापमानापर्यंत, तासाला इतकी रीडिंग मिळतील. असं वाक्य वाचून गिऱ्हाईक पळतं असं सेल्सवाल्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे, कारखान्यातला मेंटेनन्सचा माणूस अटी बघूनच विश्वास ठेवतो, त्याने 'आयुष्यभर' वाल्या खूप वस्तू कचऱ्यात टाकलेल्या असतात. तरीही सर ऐकले नाहीत तर टेस्ट रिपोर्टवर तुझी सही असेल तिथे अटी लिहूनच सही कर, आणि ही गोष्ट ऑफरचा विचार करताना लक्षात ठेव, पगारापेक्षा जास्त.

आता ऑफर. बॅटरी मॅनेजमेंट हे काम चांगलं आहे, तुला परकंही नाही, तिथेही छोटे करंट अचूक मोजायचे असतात, गाडी उभी असताना सर्किटने किती खायचं याचा हिशोब असतो. तेव्हा गेलीस तर तीन वर्षं पाण्यात गेली असं काही नाही. पण मोठ्या कंपनीत 'टीम' या शब्दाखाली फार वेगवेगळी कामं असतात. हो म्हणण्याआधी त्यांनाच विचार की पहिल्या सहा महिन्यांत माझ्या टेबलावर काय असेल, हार्डवेअरला हात लागणार की दुसऱ्याने बनवलेल्याचे टेस्ट डॉक्युमेंट भरायचे, फील्डमधून परत आलेले खराब पॅक बघायला मिळणार का. शेवटचा प्रश्न नक्की विचार. जिथे इंजिनीअरला बिघडलेली वस्तू बघायला मिळत नाही तिथे दोन-तीन वर्षांत तिचं शिकणं थांबतं, पगार वाढत राहिला तरी. आणि तीन आठवड्यांचे पाच करून माग, कारण सांग की हातातलं एक टेस्टिंग पूर्ण करायचंय. बहुतेक वेळा मिळतात.

दग्याबद्दल. सरांनी तुला शिकवलं हे खरं आणि ते तू विसरली नाहीयेस हे मला फार आवडलं. पण शिकवण्याची परतफेड म्हणजे न बोलता बसून राहणं असं कोणी ठरवलं? त्यांना अजून काहीच सांगितलेलं नाहीयेस तू, ना ऑफरचं, ना ब्रोशरचं जे टोचतंय त्याचं. न सांगता एक दिवस राजीनामा टेबलावर ठेवलास तर त्यांना लागेल. आत्ता जाऊन बोललीस तर नाही लागणार, किंवा कमी लागेल. त्यांना सरळ विचार की सर, किती महिन्यांचे पगार हातात आहेत, पायलट पुन्हा करायचा विचार आहे का, आणि मला साइटवर आठवडाभर पाठवाल का. छोट्या कंपनीत पैशाचं विचारायला संकोच वाटतो, पण तुझी पुढची दोन वर्षं त्या उत्तरावर आहेत, तुला विचारायचा हक्क आहे. आणि निघायचं ठरलंच तर तुझ्या डोक्यात असलेलं सगळं कागदावर उतरवून त्यांना दे, कुठला रेझिस्टर का बदलला, कुठली टेस्ट का फसली, अगदी बारीकसारीक. फाइली मात्र कंपनीच्याच राहतात, स्वतःच्या पेनड्राइव्हवर काहीही नको, हे तुझ्याबरोबर बाकीच्यांनाही सांगतेय, कारण याच विषयावर मला गेल्या काही दिवसांत अजून दोन पत्रं आलीयेत.

माझा कल विचारशील तर, तो असा. सर साइटवर पाठवायला तयार असतील, 'आयुष्यभर' काढायला तयार असतील आणि वर्षभराचे पगार दिसत असतील, तर मी एक वर्ष थांबेन, कारण अर्धवट कळलेला बिघाड मागे टाकून गेलेल्या माणसाला तो नंतर बरीच वर्षं आठवत राहतो, मला अजून एक आठवतोय. यातलं एक जरी नाही म्हणाले तर जा, अपराधी न वाटून घेता जा. आणि घरात कोणाचं आजारपण असेल, कर्ज असेल, तुझ्या पगारावर बाकीची माणसं अवलंबून असतील (पत्रात तू यावर काहीच लिहिलेलं नाहीस), तर वरचं सगळं बाजूला ठेव आणि दीडपट पगार घे. मायक्रोवॉटचं काम पळून जात नाही, परत येता येतं.

जी मुलं अजून शिकतायत आणि या विषयात प्रोजेक्ट किंवा करिअर करायचं म्हणतायत त्यांना एवढंच सांगेन की हार्वेस्टरला हात लावण्याआधी एक कागद घ्या, त्यावर लोडला सरासरी किती लागतं, झोपेत किती जातं, एकदा जागं होऊन काम करायला किती मायक्रोज्यूल जातात हे मोजून लिहा, डेटाशीटमधून उतरवून नाही, मोजून. मग शेजारी त्याच कामाला साधा सेल किती वर्षं पुरेल ते लिहा. तो आकडा बघूनही तुमची कल्पना उभी राहत असेल तर पुढे जा. निम्मे प्रोजेक्ट इथेच गळतील आणि गळलेले बरे.

आणि तू. तुझ्या पत्रात एक गोष्ट अशी आहे जिच्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. १० बंद पडले यावर तू निदान दोन ओळी लिहिल्यास, दोन चालू आहेत यावर अर्धी ओळ. एकाच बॅचचे, एकाच बेंचवर ट्यून केलेले १२, मग ते दोनच कसे चालतायत? त्या मोटरवर लोड एकसारखा आहे का, बसवण्याची जागा वेगळी आहे का, का ट्यूनिंगमध्येच थोडा फरक पडला होता आणि तो नेमका योग्य बाजूला पडला? लॉगर मिळाला की तो बंद पडलेल्या सेन्सरच्या मोटरवर लावायच्या आधी या दोन चालू सेन्सरच्या मोटरवर लाव. काय निघालं ते मला कळव, मी वाट बघतेय.